इस्त्री केलेल्या बाईला उठवायचं नसतं

आमच्या मोका गावात शनिवारी दुपारचे दोन वाजले की ओनेलिया तावारेसकडे कुणी काही मागायचं नाही, असा रिवाज होता. पेलाभर पाणी नाही, हरवलेला मोजा नाही, दारात आलेल्या भाजीवाल्याशी घासाघीस नाही. हा हुकूम तिने सोडला होता असं नाही. हुकूम सोडणाऱ्यांतली ती नव्हतीच. पण शनिवारी सकाळभर तिने इस्त्री केलेली असे, आणि इस्त्री केलेल्या बाईला उठवायचं नसतं.

हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. तासन् तास गरम इस्त्रीपाशी उभं राहून अंग आतपर्यंत तापलेलं असतं. त्या तापल्या अंगाने गार पाण्यात हात घातला, फ्रिज उघडला, पावसाचे चार थेंब झेलले किंवा संध्याकाळच्या दवात बाहेर पडलं, की कारभार आटोपला. गारठा हाडांत शिरतो, बोटं वाकडी होतात आणि नशीब अगदीच फुटकं असेल तर तोंड एका बाजूने कानापर्यंत ओढलं जातं. याला पास्मो म्हणतात. डॉक्टर लोक हसतात याला. खुशाल हसोत. हसणाऱ्या डॉक्टरांच्या आयासुद्धा इस्त्री झाल्यावर फ्रिजच्या वाऱ्याला उभ्या राहत नाहीत, हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय.

तोंड वाकडं झालेली एक तरी मावशी प्रत्येक घराण्यात असतेच. ओनेलियाकडे ती तोमासिना मावशी होती. इस्त्री करून उठली आणि पळालेली कोंबडी धरायला रिमझिम पावसात धावली, एवढाच तिचा गुन्हा. पुढे आयुष्यभर ती डाव्या बाजूने कॉफी प्यायली. बोलणं मात्र दोन्ही बाजूंनी चालू राहिलं.

ओनेलियाचं माहेर गावाबाहेर, कोकोच्या मळ्यांत. पाठची-पुढची मिळून घरात सात पोरं. आई पहाटे उठायची ती रात्री सगळे निजले की पाठ टेकायची, मधल्या वेळात ती खाली बसलेली कुणी बघितलेली नव्हती. अपवाद शनिवारचा. शनिवारी सकाळी ती युकाच्या कंदाची खळ काढायची, कोळशाच्या दोन इस्त्र्या आलटूनपालटून तापवायची आणि घरातलं झाडून सगळं कापड सपाट करायची. मग डोक्याला फडकं गुंडाळायची, पायांत नवऱ्याचे जाड मोजे चढवायची आणि खिडकीच्या फळ्या अर्ध्या लावून डोलखुर्चीत बसायची. पोरं तिच्याभोवती चवड्यांवर चालायची. ओनेलिया आल्याचं गरम पाणी करून तिच्या हातात द्यायची आणि आईचं तोंड जागेवर आहे ना, ते निरखायची. बाप एरवी स्वतःचा पेला स्वतः भरून घेणाऱ्यांतला नव्हता. शनिवारी मात्र तो निमूटपणे हिरवी केळी सोलायला बसायचा.

लग्नाच्या आदल्या दिवशी आई तिचे केस विंचरत होती. सासरी कसं वागावं, कुणाशी कसं बोलावं, यातलं काहीच ती बोलली नाही. विंचरता विंचरता एवढंच म्हणाली, "इस्त्री शनिवारी करत जा. सकाळी लवकर सुरू कर, दुपारच्या आत उरक. आणि मग बस."

"आणि बाकीचे दिवस?" ओनेलियाने विचारलं.

"बाकीच्या दिवसांचं मी काय सांगणार, बाई?"

ओनेलियाला वाटलं, आई कपड्यांबद्दल बोलतेय.

नवरा मिळाला सिल्वेरियो, चौकातल्या औषधाच्या दुकानात गल्ल्यावर बसणारा. माणूस टापटिपीचा. चाकाबाना, म्हणजे उभ्या चुण्यांचा पांढरा सदरा, रोज अंगात हवा, आणि त्याची चुणी न् चुणी ताठ हवी. स्वभावाने वाईट मुळीच नव्हता, हात कधी उगारला नाही, दारूच्या वाटेला गेला नाही. फक्त बसल्या जागेवरून मागायची त्याला खोड होती. "ओनेलिया, चष्मा." "ओनेलिया, पंखा जरा इकडे." "ओनेलिया, माझी ती ही कुठाय?" ती ही म्हणजे काय, हे ओळखायचं काम पण ओनेलियाचंच. पुढे दोन मुली झाल्या, मग विल्किन झाला, आणि मागणारी तोंडं वाढली.

पण शनिवार आला की इस्त्री व्हायची, आणि दोन वाजता ओनेलिया आईसारखीच डोक्याला फडकं बांधून, मोजे चढवून खुर्चीत बसायची. सुरुवातीला भीतीपोटी. लाईट सकाळी असेल तर बरं, नाहीतर वाट बघावी लागे. आमच्याकडे लाईटचा काय भरवसा! "लाईट आली!" अशी गल्लीभर आरोळी उठली की बाकीच्या बायका पाण्याच्या मोटारीकडे धावत, ओनेलिया इस्त्रीकडे. तिला घाई असायची. इस्त्री लांबली तर बसणं लांबतं, हे गणित तिला एव्हाना पक्कं झालं होतं.

आणि बसून ती काय करायची? काही नाही. विणकाम नाही, जपमाळ नाही. ती ऐकायची. आपल्यावाचून घर कसं चालतं ते ऐकत राहायची. सिल्वेरियो स्वयंपाकघरात भांडी आपटतोय, कुठलं झाकण कुठल्या पातेल्याचं ते त्याला सापडत नाहीये, थोरली धाकटीला दटावतेय, कुणीतरी पडलं, रडलं, आपोआप थांबलं. कुणी तिच्याकडे धावत आलं नाही. संध्याकाळी सिल्वेरियोच्या हातचं मांगू व्हायचं, म्हणजे उकडलेली हिरवी केळी लोणी घालून घोटलेली, वर परतलेला लाल कांदा आणि तळलेलं सलामी. घोटायचा त्याला कंटाळा, म्हणून त्यात हमखास गुठळ्या. मुली आता न्यूयॉर्कला असतात, फोनवर अजून विचारतात, "पप्पांनी शनिवारच्या गुठळ्या केल्या का?"

एका शनिवारी मात्र भलतंच घडलं. विल्किन तेव्हा रांगत होता. उकाडा असा की भिंतींना घाम फुटावा. इस्त्री संपवून ओनेलिया उठली ती कसल्यातरी विचारात तडक फ्रिजपाशी गेली, दार उघडलं, बर्फाच्या पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि अर्धी रिकामी केली. मग भानावर आली. बाटली हातातच. तिला तोमासिना मावशी दिसायला लागली. फ्रिज लावून ती आरशापुढे गेली. दिवसभर जात राहिली, रविवारी गेली, सोमवारी गेली. तोंड जिथल्या तिथे. बोटं सरळ. उलट पाणी प्यायल्यावर जरा बरंच वाटलं होतं.

हे तिने कुणाला सांगितलं नाही. पाद्र्याजवळसुद्धा नाही. पुढच्या शनिवारी सकाळी तिने इस्त्री केली, फडकं बांधलं, मोजे चढवले आणि बसली. आईचं ते लग्नाच्या आदल्या दिवसाचं बोलणं तेव्हा कुठे तिच्या डोक्यात शिरलं. तिला हसू आलं आणि पाठोपाठ रडूही आलं, कारण आई तोवर गेलेली होती आणि हे दोघींनी मिळून हसायचं होतं.

अशी वर्षं गेली. मग युदेल्का आली.

युदेल्का म्हणजे विल्किनची बायको. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे विल्किनने बापाच्या घरावर मजला चढवला आणि बाहेरून जिना काढला. ती बँकेत, तो सांतियागो शहरात, फोनवर अमेरिकेतल्या लोकांची गाऱ्हाणी ऐकायच्या कंपनीत. युदेल्का पोरगी लाख मोलाची, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून कुणी तिच्यावर राग धरायला नको. तिच्या पायाला भिंगरी आणि तोंडाला लगाम नाही. घरात पाऊल ठेवल्यापासून तिने एकच लावून धरलं. बायकांचा जीव खाणारं काम घरातून हद्दपार.

तांदूळ निवडणं बंद, निवडलेलाच आणायचा. लाकडी खलबत्त्यात लसूण-मिरं कुटणं बंद, मिक्सर आहे. फरशीला मेण लावून गुडघ्यांवर घासणं बंद. चादरी हाताने पिळणं बंद. रविवारी सगळे जेवायला जमले की कागदी ताटल्या. शेजारची फियोरदालिसा म्हणजे विल्किनची धर्ममाता, म्हणून ती आणि ओनेलिया एकमेकींना कोमाद्रे म्हणायच्या. ती येऊन हळहळली, "कोमाद्रे, तुझा खलबत्ता गं! तुझ्या सासूचा!"

"हवाय का तुला? घेऊन जा," ओनेलिया म्हणाली. "खांदा पण माझाच घेऊन जा बरोबर, त्यानेच दुखायला लागलाय."

ती खरंच खूश होती. जुन्याचा तिला कसलाही पुळका नव्हता. जुनं म्हणजे काय ते तिच्या गुडघ्यांना विचारा.

मग मातृदिन उजाडला. आमच्याकडे मातृदिन म्हणजे दिवाळीच समजा. युदेल्काने भलं मोठं खोकं आणून टेबलावर ठेवलं. आत चादरी, टेबलक्लॉथ, सिल्वेरियोचे शर्ट, विल्किनचे शर्ट. सगळं बिनइस्त्रीचं. धुवा, झटका, घाला. सिल्वेरियो नुकताच निवृत्त झाला होता. त्याने कॉलरवाला टीशर्ट अंगाला लावून बघितला आणि चाकाबान्यांना त्याच क्षणी रामराम ठोकला.

"सासूबाई," युदेल्काचे डोळे भरून आले होते, "सगळा जन्म त्या टेबलापाशी उभ्या राहिलात. आता बस्स. आजपासून या घरात कुणी इस्त्री करणार नाही. तुमचे शनिवार मी तुम्हाला परत देतेय!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विल्किनने इस्त्री उचलून कपाटाच्या वर पार मागे सरकवली. सगळ्यांनी ओनेलियाचे मुके घेतले. तीही हसली. पण शनिवारी दुपारी आता बसायचं कशाच्या जोरावर, ते या लोकांना विचारायचं कसं?

पहिला शनिवार आला. सकाळी काही काम नव्हतं, म्हणून तिने काहीबाही केलं. दोन वाजता सवयीने खुर्चीत बसली. डोलायला सुरुवात केली न केली तोच आतून हाक आली.

"ओनेलिया, जरा पाणी दे गं. थंडगार."

तिला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "शनिवार आहे आज," ती म्हणाली.

"हो ना. काय उकडतंय. बर्फ पण घाल."

"सिल्वेरियो, मी बसलेय."

"मग? तू काय इस्त्री केलीयस का?"

ती उठली, फ्रिज उघडला, पाणी दिलं. एकदा उठली ती उठलीच. विल्किनला चार्जर हवा होता, फियोरदालिसाला मुरांब्याची चव बघायला कुणीतरी हवं होतं. संध्याकाळी सिल्वेरियोने टेबलाशी बसून विचारलं, "आज काय केलंयस?" आणि त्या शनिवारी या घरातलं मांगू पहिल्यांदा गुठळ्यांशिवाय झालं.

त्यानंतरचे शनिवार एकेक करून भरत गेले. रिकाम्या खुर्चीवर लोक पिशव्या ठेवतात तसं झालं. "आई मोकळीच आहे." "ओनेलियाला सांगा, तिला आता काय काम असतं?" घरातल्या प्रत्येकाचा शनिवार मोकळा झाला होता, आणि मोकळ्या माणसांना लागतं ते सगळं तीच उठून देत होती.

ती मुकाट बसणारी नव्हती. एका शनिवारी स्टुलावर चढून तिने इस्त्री खाली काढली आणि स्वयंपाकघरातली फडकी इस्त्री करायला घेतली. मग पडदे. मग मोजे.

"सासूबाई, मोजे?" युदेल्का दारात उभी राहून बघत होती.

"पायाला टोचतात चुण्या."

"अहो, सवय सुटत नाही तुमची. पप्पा, बघा हो यांच्याकडे!" आणि युदेल्काने प्रेमाने तिच्या हातातून इस्त्री काढून घेतली, प्लग उपटला आणि तिच्या खांद्याला तेल चोळून दिलं. बरं, तेल चोळणाऱ्या सुनेला काय बोलणार?

खरा फास आवळला गेला तो सप्टेंबरात. युदेल्काने बँकेतल्या बढतीसाठी वर्ग लावला, शनिवार दुपारचा, वर्षभर चालणारा. तिची दार्लेनी नुकती तीन वर्षांची झालेली, आणि पोर म्हणजे नुसती उकळती किटली.

"दार्लेनी तुमच्यापाशीच राहील ना, सासूबाई? दोन ते सात. तुम्ही तर मोकळ्याच असता."

ओनेलिया नातीवर जीव टाकायची. आठवड्यातल्या कुठल्याही दिवशी, कुठल्याही वेळी तिने पोरीला घेतलं असतं. पण हा शनिवार एकदा वर्षभरासाठी गेला की तो परत यायचा नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. रात्रभर तिने विचार केला आणि ठरवलं. उद्या सरळ सांगायचं, मी इस्त्री केलीय. सगळे बिनइस्त्रीचे टीशर्ट घालून फिरतायत, कुणाला काय कळतंय? केलीय म्हणजे केलीय. फडकं बांधून बसायचं, कुणाची हिंमत आहे उठवायची?

शनिवारी सिल्वेरियो आणि विल्किन सकाळीच मोटारीचं टायर बदलायला गेले होते. दोनच्या सुमाराला परतले तेव्हा ओनेलिया खुर्चीत होती. डोक्याला फडकं, पायांत मोजे, खिडकीच्या फळ्या अर्ध्या लावलेल्या. जिन्यावरून उतरून युदेल्का आत आली, खांद्याला वह्यांची पिशवी, कडेवर दार्लेनी.

"चला, आजीकडे जा बघू!"

"मला नाही घेता येणार तिला," ओनेलिया डोळे मिटून म्हणाली. "मी इस्त्री केलीय. अंग तापलंय माझं."

तिने एक डोळा उघडला. तिघे तिच्याकडे बघत होते.

"इस्त्री?" युदेल्का म्हणाली. "सासूबाई, लाईट काल रात्रीपासून नाहीये."

ओनेलियाने छताकडे बघितलं. पंखा चालू होता. पण पंखा काय, इन्व्हर्टरवरही चालतो, आणि इन्व्हर्टरवर इस्त्री लावली तर बॅटरी पाच मिनिटांत मान टाकते, हे या गावात पाळण्यातलं पोरही सांगेल. साऱ्या आयुष्यात लाईट आहे की नाही हे न बघता शनिवार उजाडू दिला, असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं. आजच झालं. इस्त्री करायचीच नव्हती, मग लाईटकडे कोण बघतो?

"आई, कशाने केलीस गं?" विल्किनला हसू आवरेना. "तोंडाच्या वाफेने?"

सिल्वेरियो हसता हसता खोकायलाच लागला. दार्लेनीही काही न कळता टाळ्या पिटून हसली.

ओनेलियाचे कान तापले. आता तीही हसली असती, फडकं सोडून पोरीला घेतलं असतं, तर संध्याकाळपर्यंत सगळे विसरून गेले असते. फार तर नाताळात एकदा आठवण काढून पुन्हा हसले असते. शनिवार मात्र कायमचा गेला असता. तिने वाकून उजव्या पायाचा घसरलेला मोजा नीट वर ओढला.

"नाही केली," ती म्हणाली. "इस्त्री केलेली नाही. करणारही नाही. आणि मी इथून उठणार नाही."

"बरं नाही वाटत का?" युदेल्काने पटकन तिच्या कपाळाला हात लावला.

"झकास वाटतंय. म्हणून तर बसलेय." तिचा आवाज चढलेला नव्हता, पण थांबतही नव्हता. "पोरी, नीट ऐक. आठवडाभर मी या घराची. शनिवारची सकाळ पण घराची. शनिवारची दुपार माझी. लग्न झाल्यापासून माझी. तुम्ही इस्त्री काढून घेतलीत, बरं केलंत, कपडे गेले खड्ड्यात. पण कपड्यांच्या गाठोड्यात माझी दुपारही बांधून नेलीत, आणि वर टाळ्या वाजवल्यात."

युदेल्काने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "म्हणजे ते… गारठा, फ्रिज, वाकडं तोंड…"

"पास्मो न् बिस्मो. इस्त्री करून मी एकदा बर्फाचं पाणी ढोसलंय, अर्धी बाटली. बघ, तोंड कुठे गेलंय का?"

"आई!" विल्किन किंचाळलाच.

"माहीत आहे मला," सिल्वेरियो म्हणाला.

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. तो खोकायचा थांबला होता. "मी अंगणात होतो. खिडकीतून दिसलीस. विल्किन रांगत होता तेव्हा. आठवडाभर मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो, आता वाकडं होईल, मग वाकडं होईल. झालं नाही. मग पुढच्या शनिवारी तू पुन्हा मोजे घालून बसलीस."

"आणि तू बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर तुला उठावं लागलं असतं."

इतकी वर्षं हा माणूस केळी घोटत होता, गुठळ्यांसकट, आणि त्याला सगळं ठाऊक होतं. पण मग ओनेलियाला दुसरं काहीतरी आठवलं आणि ती खुर्चीत ताठ बसली.

"मग मातृदिनानंतर मला पाणी कसं मागितलंस? बर्फ घालून!"

सिल्वेरियो डोकं खाजवायला लागला. "मला वाटलं, इस्त्री गेली म्हणजे ठराव संपला. मी रिटायर झालो, तू पण…"

"मी रिटायर झाले त्याच दिवशी तू मला परत कामावर घेतलंस, मेल्या!"

"अगं, तू तोंडाने कधी मागितलंच नाहीस. इस्त्री मागायची तुझ्या वतीने. मला काय कळणार? सांगायचंस ना."

"सांगतेय," ओनेलिया म्हणाली. "आता सांगतेय. माझं मी मागतेय. शनिवारची दुपार मला हवी. कारण विचारायचं नाही."

मग सिल्वेरियो पुढे झाला, युदेल्काच्या कडेवरून नात उचलली आणि म्हणाला, "चल गं भवानी, केळी सोलू आपण." स्वयंपाकघरातून लगेच काहीतरी पडल्याचा आवाज आला. विल्किन घुटमळला. आईने त्याच्याकडे नुसतं बघितलं, तसा तो बापाच्या मागून आत गेला.

युदेल्काला वर्गाला उशीर होत होता, तरी ती फाटकापर्यंत जाऊन परत आली. खिडकीच्या अर्ध्या फळ्यांतून तिने तोंड आत घातलं.

"सासूबाई, मी चुकले. मला वाटलं, मी तुम्हाला सुट्टी देतेय."

"द्यायला गेलीस हेच खूप. माझ्या सासूने खलबत्ता दिला होता."

युदेल्का हसली. मग जरा थांबून, अंदाज घेत म्हणाली, "मग मी रविवारी इस्त्री करेन म्हणते."

"रविवारी?" आतून विल्किनचा आवाज आला. "आता कुठला कपडा राहिलाय इस्त्रीचा?"

"तू केळ्यांकडे लक्ष दे," ओनेलिया म्हणाली. "तिला करायचीय म्हटलं ना, मग ती करणार."

या गोष्टीला आता बरेच शनिवार लोटले. कपाटावरची इस्त्री जागची हललेली नाही, तिच्यावर बोटभर धूळ आहे. गेल्या शनिवारचीच गंमत. गल्लीत सकाळपासून लाईट नव्हती आणि ज्याच्या त्याच्या तोंडी लाईटवाल्यांचा उद्धार चालू होता. फियोरदालिसाच्या भाचीचं लग्न होतं आणि केकवर साखरेची फुलं बसवायला तिला दोन हात कमी पडत होते. ती फाटकातूनच ओरडत आली, "कोमाद्रे! ए कोमाद्रे, ये गं पटकन!"

दार सिल्वेरियोने उघडलं. पुढे फडकं खोचलेलं, हातात घोटणी, घोटणीला केळ्याचा गोळा चिकटलेला. मागे दार्लेनी, केसांत केळ्याची साल.

"ती नाही उठू शकत," तो म्हणाला. "इस्त्री केलीय तिने."

"इस्त्री?" फियोरदालिसाने कमरेवर हात ठेवले. "अरे भल्या माणसा, सकाळपासून लाईट कुठे होती?"

आत खुर्ची डोलायची थांबली. सिल्वेरियोने गल्लीत वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. घरोघरचे लोक घामाघूम होऊन पायऱ्यांवर बसले होते, हातांत पुठ्ठ्यांचे पंखे. मग त्याने फियोरदालिसाकडे बघितलं, अगदी शांतपणे.

"आमच्याकडे होती," तो म्हणाला.

आतली खुर्ची पुन्हा डोलायला लागली.